शेवटचे वीस फूट

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ठाण मांडून बसलेल्या उपग्रहाकडून निघालेलं चित्र खाली यायला सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा घेतं. वाटेत त्याला टोलनाका लागत नाही, कशेडी घाट लागत नाही, मुंबई-गोवा महामार्गाचं काम आडवं येत नाही. एवढा पल्ला ते बिनबोभाट कापतं आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या एखाद्या घराच्या मागीलदारी पोचल्यावर शेवटच्या वीस फुटांत बेपत्ता होतं.

घरातली माणसं मात्र शोध वरूनच सुरू करतात. "वरसूनच येणा नाय," हा आमच्याकडचा पहिला निष्कर्ष. वर म्हणजे नेमकं कुठं, हे कोणी विचारत नाही. काहींच्या मते दिल्लीत, काहींच्या मते उपग्रहावर आणि घरातल्या आजीच्या मते रवळनाथाच्या मनात. तिचा उपाय निदान स्वस्त असतो. ती उभ्या उभ्या गाऱ्हाणं घालते, घरातली पोरं सवयीने "होय म्हाराजा" म्हणतात, आणि योगायोगाने त्याच वेळी ताटलीवरचा कावळा उडाला तर चित्र येतंसुद्धा. त्यानंतर त्या घरात विज्ञानाची बाजू घेण्यात काही अर्थ उरत नाही.

कावळ्याचं मी गंमत म्हणून सांगत नाही. आपल्या साध्या डिशची ताटली साठ सेंटीमीटरची असते. तिची कड एक सेंटीमीटर हलली, तर तिचा रोख अंशभर तरी ढळतो, आणि खालचा एक अंश म्हणजे वर उपग्रहाच्या जागी सहाशे किलोमीटरहून अधिक. नट सैल असेल तर कावळा एका उडीत आपल्या डिशला कुडाळहून मुंबईपलीकडे पोचवू शकतो. वानरांचं तर विचारूच नका. आमच्या एका नात्यातल्या काकींकडे वानरांची टोळी रोज दुपारी डिशच्या दांड्याला लोंबकळते आणि रोज संध्याकाळी काका पाना घेऊन मागीलदारी जातात. काकी म्हणतात, "दोघांची वेळ ठरलेली आसा. माकडां गेली की ह्ये."

आता ही ताटली मागीलदारी का, तर घर कौलारू. नळ्यांवर चढून डिश बसवायची म्हणजे चित्र येण्याआधी पाऊस घरात येणार. म्हणून विहिरीच्या बाजूला, न्हाणीच्या पलीकडे, जांभ्याच्या दोन चिऱ्यांमध्ये सिमेंट ओतून एक लोखंडी पाइप उभा करतात आणि त्यावर ताटली. तिच्यावर येते ती डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची ती सेवा, जी डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. एकदा डबा आणि ताटली विकत घेतली की महिन्याचं भाडं नाही. भाडं नसल्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न येतो, आणि तक्रार करता येत नाही म्हटल्यावर घरातला प्रत्येक पुरुष इंजिनिअर होतो.

ही सेवा ज्याच्यावरून येते तो जीसॅट-१५ नावाचा ३,१६४ किलोचा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून, कौरूच्या तळावरून सुटला आणि पूर्व रेखांश ९३.५ वर जाऊन नेमका बसला. इकडे गवंड्याने पुरलेला पाइप दुसऱ्या पावसाळ्यात विहिरीकडे कलला. ताटलीच्या मागे अंशांच्या खुणा असलेली पट्टी असते, पण पाइपच सरळ नसेल तर त्या पट्टीवरचा प्रत्येक आकडा खोटा. ज्या गवंड्याने ओळंबा लावून घराच्या चारही भिंती काटकोनात उभ्या केल्या, त्याने पाइप रोवताना ओळंबा पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेला नसतो. "टीव्हीचो खांब तो, घराचो न्हय," असं त्याचं स्पष्टीकरण.

आमच्या भागातून हा उपग्रह आग्नेयेला, जमिनीपासून सुमारे साठ अंश वर आहे. डोक्यावरचं आकाश आणि समोरचं क्षितिज यांच्या मध्याहूनही बराच वर. पण ताटलीकडे बघाल तर ती मान वाकवून समोर बघत असते. याचं कारण, या ताटल्या तिरक्या कापाच्या असतात. पुढे आलेल्या दांड्यावरचा एलएनबी, म्हणजे लहरी टिपणारं यंत्र, वाटेत येऊ नये म्हणून त्या लहरी तिरक्या झेलतात, आणि दिसतात त्यापेक्षा साधारण वीस-पंचवीस अंश वर बघत असतात. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कोकणात किती निरपराध झाडांवर कुऱ्हाड पडली असेल, देव जाणे. ताटली ज्या पोफळीकडे रोखलेली दिसते ती पोफळ बिचारी कशातच नसते. गुन्हेगार तिच्या डोक्यावरून डोकावणारा माड असतो. आणि तो गडग्याच्या पलीकडे, म्हणजे शेजाऱ्याचा असतो.

साठ अंशांचा हिशेब सोपा आहे. ताटलीपेक्षा पंधरा मीटर उंच असलेला माड आग्नेयेला उभा असेल, तर ताटली त्याच्यापासून नऊ मीटर तरी दूर हवी. झावळ्यांचा पसारा धरून आणखी थोडी. डिश बसवली त्या वर्षी हा हिशेब बरोबर असतो. पण माड दरवर्षी वाढतो आणि डिश वाढत नाही. मग एका श्रावणात चित्र तुकडे तुकडे होऊन येऊ लागतं. वारा आला की तुकडे, वारा पडला की चित्र. उन्हाळ्यात कोरड्या झावळीतून थोडंफार झिरपणारं सगळं पावसाळ्यात ओल्या झावळीवर अडतं. अशा वेळी डिश चार पावलं बाजूला घेणं हा एका सकाळचा उपाय आहे. पण आमच्याकडे आधी माड कोणाच्या आज्याने लावला, गडगा कोणी सरकवला आणि ७/१२ काय म्हणतो यावर चर्चा होते. या उपग्रहाचं आयुष्य बाराएक वर्षांचं धरतात. गडग्याचा वाद त्याहून टिकाऊ असतो.

समजा झाड नाही, पाइप सरळ आहे, कावळा शेजाऱ्याकडे गेला आहे. मग डिश फिरवायचा सोहळा सुरू होतो. बाहेर एक जण पाना घेऊन, एक जण टीव्हीसमोर, एक जण मधल्या दारात निरोप्या, आणि बाकीचे सल्लागार.

"इला काय गो?"

"नाय!"

"आता?"

"इला! इला! ... गेला."

"खंय असताना इला होता?"

"मगाशी!"

यात टीव्हीसमोरच्या बाईंची चूक नाही आणि पानेवाल्याचीही नाही. डब्याला सिग्नल ओळखून चित्र दाखवायला दोन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात पानेवाला नेमकी जागा ओलांडून पुढे गेलेला असतो. "इला" ऐकून तो थांबतो, तेव्हा ताटली भलतीकडे बघत असते. मग तो मागे येतो आणि पुन्हा तीच जागा ओलांडून जातो. योग्य ठिकाणावरून जाता-येता दोन्ही वेळा त्याचा प्रवास होतो, मुक्काम कधीच होत नाही. बोटभर हलवा आणि मनात पाच आकडे मोजा, एवढं केलं तर अर्ध्या तासात काम होईल. पण पाना हातात असलेल्या माणसाला थांबायला सांगणं कठीण. मुंबईहून आलेला पुतण्या म्हणतो, ओरडता कशाला, फोनवर बोला. फोनला रेंज गडग्यावर चढल्याशिवाय मिळत नाही आणि गडग्यावरून ताटलीला हात पोचत नाही.

पुतण्याच्या फोनमध्ये आकाशात उपग्रह कुठं आहे हे दाखवणारं ॲप असतं. ते चांगलं असतं, पण फोनमधलं होकायंत्र लोखंडी पाइपला खेटून धरलं की उत्तरेलाच संशय येऊ लागतो. दहा पावलं लांब उभं राहून दिशा घ्यावी, समोरच्या झाडाची खूण धरावी आणि मग पाइपकडे यावं. हे सांगितलं तर पुतण्याला आपलं म्हातारपण दिसतं.

टीव्हीवर त्या वेळी दोन पट्ट्या दिसत असतात. एक स्ट्रेंग्थ, एक क्वालिटी. पहिली पट्टी भरलेली बघून घरात आनंदीआनंद होतो आणि दुसरी शून्यावर असते. "ऐंशी टक्के येता, तरी चित्र नाय, म्हणजे टीव्हीच बिघडलो," असा निकाल लागतो. लग्नाच्या मांडवात गलका भरपूर असतो, पण अंतरपाटाशी भटजी कोणतं मंगलाष्टक म्हणतायत ते मागच्या रांगेला कळत नाही. स्ट्रेंग्थ म्हणजे तो गलका, क्वालिटी म्हणजे मंगलाष्टक कळणं. गलक्यात एलएनबीची स्वतःची खरखर असते, शेजारच्या उपग्रहाची बडबडही असते. पूर्व रेखांश ९५ वर, म्हणजे अवघ्या दीड अंशावर दुसरा उपग्रह आहे आणि साठ सेंटीमीटरच्या ताटलीची नजर तीनेक अंश रुंद. त्यामुळे ताटली भलत्याच उपग्रहाकडे बघत बसते, पट्टी भरते आणि चित्र येत नाही. पहिल्या पट्टीकडे बघूच नये. फिरवायचं ते दुसरीकडे बघून. एलएनबी त्याच्या खोबणीत थोडा डावीउजवीकडे वळवूनही बघावा. लहरी आडव्या-उभ्या ठरलेल्या असतात, आणि आपण जमिनीवर तिरक्या जागी उभे असल्याने त्या आपल्याकडे कलत्या पोचतात. बरेच जण एलएनबी अगदी सरळ बसवतात. सरळ दिसतो म्हणून.

पूर्वी हे सगळं सोपं होतं असं जुनी माणसं सांगतात, ते अर्धं खरं आहे. दूरदर्शनच्या उंच काठीवरच्या अँटेनाच्या काळात चित्र कमी झालं की मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांतूनही कोण बोलतंय ते कळायचं, क्रिकेटमध्ये चेंडू दिसला नाही तरी लोक ओरडले म्हणजे चौकार गेला एवढं समजायचं. आता अर्धवट काही नाही. क्वालिटी एका मर्यादेच्या वर असेल तर चित्र आरशासारखं, खाली गेली की आधी चौकोनी तुकडे आणि मग निळा पडदा.

याच ठिकाणी मला माझं खरं मत सांगायचं आहे. कमजोर सिग्नल हा पावसाळ्याचा रोग नाही. तो उन्हाळ्यातला आहे, फक्त पावसाळ्यात दिसतो. एप्रिलमध्ये फिरवता फिरवता क्वालिटी जेमतेम मर्यादेच्या वर गेली की चित्र येतं, आणि चित्र आलं की कोकणातला माणूस पाना खाली ठेवून चहाला जातो. ती क्वालिटी काठावरची असो की भरपूर वरची, एप्रिलमध्ये चित्र सारखंच दिसतं. फरक कळतो मृगात. काठावरची पहिल्या सरीत खाली येते, वरची अर्धा पावसाळा काढते. म्हणून चित्र आल्यावर थांबायचं नाही. तिथून पुढे अजून थोडं इकडे, थोडं तिकडे करत सगळ्यात वरचा आकडा गाठायचा आणि मग नट आवळायचे. आवळतानाही पट्टीवर नजर हवी, कारण शेवटच्या पिळात ताटली केसभर सरकते. बाजारात लहानसं सॅटफाइंडर मिळतं, ते वायरीत मध्ये जोडलं की सिग्नल वाढेल तसं जोरात वाजतं. निरोप्या आणि सल्लागार घरी पाठवता येतात, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा.

पाऊस अडवतो तो का, हेही बघण्यासारखं आहे. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. जाड थेंबांची सर आली की त्या शोषल्या जातात, विखुरतात. आणि ही लहर साठ अंशांच्या कोनात येते, त्यामुळे ती पावसाच्या थरातून जाताना आग्नेयेला तीनेक किलोमीटरपर्यंतच्या आकाशातून जाते. म्हणजे पाऊस शेजारच्या गावावर कोसळत असतो, आमच्या अंगणात मिरच्या वाळत असतात, आणि चित्र आमचं जातं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यात एकदाही चित्र जाणार नाही अशी हमी देणारा डिशवाला भेटला तर त्याला आधी चहा द्यावा आणि मग घालवावा.

पावसावर एक खरा उपाय आहे. मोठी ताटली. साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची घेतली की झेलण्याची जागा सव्वादोन पट होते. पण आमच्या एका मामांनी मोठी ताटली विकत न घेता घरीच मोठी केली. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की पूर्वी उपग्रहाच्या डिश कोंबड्यांच्या जाळीच्या असत. वाचलं ते बरोबर होतं. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोने 'साइट' नावाचा प्रयोग केला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आमच्याकडे जाळ्या त्या वेळी फक्त कोंबड्यांनाच मिळाल्या. त्या खेड्यांत दहा-दहा फुटी छत्र्या उभ्या केल्या होत्या, आणि त्या खरोखर खुराड्याच्या जाळीच्या होत्या. पण तेव्हाच्या लहरीची लांबी पस्तीस सेंटीमीटर. तिला जाळीची भोकं दिसतच नव्हती, ती जाळीला भिंत समजून परत फिरायची. आजची अडीच सेंटीमीटरची लहर मामांच्या जाळीतून सरळ परसात निघून गेली. शिवाय ताटलीचा बाक मिलिमीटरच्या हिशेबाने घडवलेला असतो. त्याला हाताने वाकवलेली झालर जोडून तो बाक पुढे चालू राहत नाही. मामांना सिग्नल मिळाला नाही. संध्याकाळी जाळी बघून कोंबड्या मात्र आल्या.

विषुववृत्ताच्या वर सारख्या अंतरावर तीन उपग्रह बसवले तर सगळ्या जगाला प्रक्षेपण पोचवता येईल हे ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये लिहिणारे आर्थर क्लार्क पुढे कोलंबोत राहत. १९७५ मध्ये साइटचं प्रक्षेपण बघता यावं म्हणून त्यांच्या घरी डिश बसवायला इस्रोचे अभियंते गेले होते. ज्याची कल्पना, त्यालाही बसवायला माणूस बोलवावा लागला. आमच्या मामांना नाही लागत.

सूर्याचं एक राहिलं. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं चित्र जातं. तेव्हा काही करू नये. बरेच जण त्याच मिनिटांत पाना उचलतात, सूर्य सरकला की चित्र यायचंच असतं, पण तोवर डिश हललेली असते.

आणि आता सर्वांत कमी किमतीचा आजार. डिशपासून टीव्हीपर्यंतच्या वायरीच्या टोकाला पितळी रंगाचं, आट्यांचं छोटं कनेक्टर असतं. त्यात पाणी शिरलं की आतलं तांबं हिरवं पडतं. माझ्या बघण्यातली कितीतरी घरं अशी आहेत जिथं आधी टीव्ही बदलला, मग डबा, मग एलएनबी, मग शेजाऱ्याशी बोलणं बंद झालं, आणि शेवटी चूक निघाली ती या कनेक्टरमध्ये. वायर तुटली तर दोन टोकं पिळून वर सेलोटेप लावणं, हे दिव्याच्या वायरीला एक वेळ चालेल, इथं नाही चालत. एलएनबीच्या तोंडावर कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का तेही वाकून बघावं. केलेलं असतं. बाद झालेल्या ताटल्यांचं काय करावं याची चिंता नको. आमच्या वाडीत त्यांवर आमसुलं उत्तम वाळतात.

तेव्हा आगोटीची कामं काढाल, कौलं शाकाराल, लाकडं पडवीत घ्याल, तेव्हा एक सकाळ मागीलदारीही द्या. पाइपला ओळंबा लावा. कनेक्टर उघडून कोरडं करा, नवीन टेप गुंडाळा, आणि वायरीला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. आग्नेयेचा माड शेजाऱ्याचा असेल तर डिश हलवा, माड नको. दुसरी पट्टी सगळ्यात वर असताना नट आवळा, आणि मग तो पाना गणपती होईपर्यंत कुलपात ठेवा. चावी आजीकडे द्या.